तापणारे एंजिन : जुन्या सर्वभूमी वाहनाच्या शीतनव्यवस्थेतील दोष कसे शोधावेत

मे महिन्यातील ज्या कडक उन्हाळ्यास तमिळ भाषक 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात, त्या दिवसांत चेन्नई शहरातील माणसे उकाड्याने हैराण होतात. दुपारी समुद्रावरून येणारा वारा वेळेवर आला तर हवा थोडी निवते. त्यास उशीर झाला तर पारा चढतच राहतो. ३१ मे २००३ रोजी या शहरात ४५ अंश सें. इतके तपमान नोंदले गेले होते. तथापि माणूस आणि एंजिन यांना होणारा उकाड्याचा त्रास एकाच प्रकारचा नव्हे. माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते, म्हणून दमट हवेत त्याची काहिली वाढते. एंजिनास घाम येत नाही. त्याची उष्णता बंद नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यावाटे हवेस दिली जाते. हवा दमट आहे की कोरडी, याचे त्यास फारसे सोयरसुतक नसते. ती किती तापलेली आहे आणि किती वेगाने वाहते, एवढ्याच दोन गोष्टी त्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात.

वाळू, चिखल, खडकाळ माळ अशा कोणत्याही जमिनीवर चालणाऱ्या लहान चारचाकी वाहनास व्यवहारात 'ए.टी.व्ही.' म्हणतात. त्यास येथे सर्वभूमी वाहन म्हणू. १९७० साली जपानच्या होंडा कंपनीने फुगीर चाकांचे तीनचाकी वाहन विक्रीस आणले आणि १९८२ साली सुझुकी कंपनीने चारचाकी वाहन आणले, तेव्हापासून या प्रकारचा प्रसार झाला. आरंभीची एंजिने केवळ वाऱ्याने थंड होणारी होती; त्यांच्या सिलिंडरांवर धातूच्या पातळ पट्ट्या असत. पुढे एंजिनांची शक्ती वाढली व तेवढ्याने भागेना. म्हणून आज यांपैकी बऱ्याच वाहनांत मोटारगाडीप्रमाणे पाण्याने थंड होणारी एंजिने असतात. असे एखादे जुने वाहन चेन्नईजवळच्या किनाऱ्यालगत मळ्यावर किंवा कोळंबीच्या तळ्यांवर कामास घेतले, आणि ते जानेवारीत सुरळीत चालले पण मे महिन्यात उकळू लागले, तर दोष नेमका कोठे शोधावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

एंजिनात उष्णता किती निर्माण होते?

एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे ७,७०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला भाग सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. हा शेवटचा भाग सुमारे २,५०० किलोकॅलरी धरला, तर तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे ३५ लिटर पाणी उकळीस येईल. वाहनातील पाणी मात्र अवघे दोन-तीन लिटर असते. एवढ्याशा पाण्याने एवढी उष्णता वाहून न्यावी, ही किमया ते सतत फिरत राहिल्यानेच साधते. रहाटगाडग्याची मडकी जशी भरून वर येतात, रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात, तसेच हे पाणी एंजिनात उष्णता भरून घेते, रेडिएटरमध्ये ती ओतते आणि पुन्हा एंजिनाकडे वळते. रहाटाची माळ कोठेही अडली की मळा सुकतो. हे फिरणे अडले की एंजिन तापते.

फोर्डच्या 'मॉडेल टी' या प्रसिद्ध गाडीत बहुतेक काळ पंप नव्हताच. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावरच तिचे काम चाले. आजच्या वाहनांत पंप असतो. पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचे आधुनिक रूप १९०१ च्या मर्सिडीझ गाडीत दिसते. विल्हेल्म मायबाख याने तीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना वापरून हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढविला होता. या दोहोंच्या जोडीस आणखी तीन अवयव असतात. रेडिएटरमधून वारा ओढणारा विजेचा पंखा, पाण्याची वाट उघडणारा व मिटणारा थर्मोस्टॅट, आणि दाब राखणारे झाकण. या पाचांची कामे नीट समजली की दोष शोधणे हे अंदाजाचे काम राहत नाही.

जानेवारीत चालते, मे महिन्यात का चालत नाही?

उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे मुख्यत्वे पाणी आणि हवा यांच्या तपमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आहे असे धरू. हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६० अंश होतो. हवा ४२ अंशांवर गेली तर तो ४८ अंश उरतो. म्हणजे तोच रेडिएटर आता पाचपैकी चारच हिस्से काम करतो. नव्या वाहनात ही तूट भरून काढण्याइतकी क्षमता शिल्लक ठेवलेली असते. जुन्या वाहनात ती धूळ, क्षार व गंज यांनी आधीच खाऊन टाकलेली असते. उन्हाळा नवा दोष निर्माण करीत नाही. मुळात असलेला दोष तो उघडा पाडतो.

यातच वाळूची भर पडते. मऊ वाळूत चाके रुततात, म्हणून एंजिनास जोर अधिक लावावा लागतो. पण वेग मात्र कमी असतो, त्यामुळे समोरून येणारा वारा जवळजवळ नाहीसा होतो. उष्णता जास्तीत जास्त आणि वारा कमीत कमी, अशी ही दुहेरी अडचण असते. अशा वेळी सारा भार पंख्यावर पडतो.

झाकणाचे महत्त्व आणि त्यापासूनचा धोका

पाणी १०० अंशांवर उकळते, हे समुद्रसपाटीपुरते खरे आहे. सुमारे २,२४० मीटर उंचीवरील उदकमंडलम् येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९२-९३ अंशांवरच उकळते. उलट, दाब वाढविला तर उत्कलनबिंदू वर चढतो. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका जादा दाब राखत असेल, तर आतील पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी चकती कडक झाली किंवा स्प्रिंग सैल पडली की हा वीस अंशांचा आधार निघून जातो. अल्प किंमतीच्या झाकणामुळे एंजिन उकळते, आणि कारण न शोधता लोक सबंध रेडिएटर बदलतात, असे पुष्कळदा घडते.

तापलेल्या एंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतील पाणी ११५ अंशांवर आहे असे समजा. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि ते १०० अंशांवर येऊ पाहते. जादा १५ अंशांची उष्णता क्षणार्धात वाफ करण्यात खर्ची पडते. एक लिटर पाण्यापैकी सुमारे २८ ग्रॅम पाण्याची अशी वाफ होते. २८ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचेदेखील पुरते नव्हेत. पण तेवढ्याची वाफ सुमारे ४५ लिटर जागा व्यापते आणि उरलेले उकळते पाणी आपल्यापुढे ढकलीत बाहेर फेकते. या वाहनांत झाकण बहुधा चालकाच्या गुडघ्यांच्या किंवा हातांच्या जवळच असते. झाकणावर जाड कापड टाकून ते उघडणे हाही उपाय नव्हे. वरच्या रबरी नळीस उघडा हात निर्धास्त लावता येईल इतके एंजिन निवेपर्यंत थांबावे, आणि तोवर मुलांना दूर ठेवावे. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतणे हेही घातक होय. धातू एका बाजूने एकाएकी आकसून तडकतो.

लक्षणांवरून निदान

अनुभवी वैद्य जसा ताप केव्हा चढतो व केव्हा उतरतो हे आधी विचारतो, तसेच येथेही करावे. वाहन कोणत्या परिस्थितीत तापते, यावरूनच दोषाचे स्थान पुष्कळसे कळते.

संथ चालीत किंवा उभे असताना तापते, पण वेगाने जाताच निवते, असे असेल तर दोष बहुधा पंख्यात आहे. कारण वेगात वारा आपोआप मिळतो. सपाटीवर ठीक चालते, परंतु वेग किंवा भार वाढताच तापते, असे असेल तर पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह अपुरा आहे. अशा वेळी रेडिएटर चोंदलेला असतो, पंप झिजलेला असतो किंवा एखादी नळी चेपत असते. थंड एंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच उकळू लागले, तर थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला असावा, नळ्यांत हवा कोंडली असावी किंवा सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट फुटले असावे. एंजिन कितीही चालविले तरी नीट तापतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे किंवा कोणी तो काढून टाकला आहे. पाणी रोज कमी होते पण जमिनीवर थेंबही दिसत नाही, ही खूण सर्वांत गंभीर; तिचा विचार पुढे केला आहे.

मात्र तापदर्शक दिवा लागला म्हणजे एंजिन तापलेच, असे धरून चालू नये. जुन्या वाहनांत संवेदकाची तार गंजलेली असू शकते. पाण्याची पातळी ठीक आहे, वाफ नाही, दुर्गंध नाही, आणि तरी दिवा लागतो, असे असल्यास आधी ती तार तपासावी.

तपासणीचा क्रम

तपासणी सोप्याकडून कठिणाकडे आणि बिनखर्चाच्या गोष्टीकडून खर्चाच्या गोष्टीकडे अशा क्रमाने करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. झाकण, थर्मोस्टॅट व पंप एकदम बदलल्यास वाहन कदाचित सुधारेल, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

पहिली तपासणी रेडिएटरच्या बाह्यांगाची. वाळू, चिखल, गवताचे बी व किडे त्याच्या पट्ट्यांत अडकतात. पाठीमागून उजेड धरला असता तो आरपार दिसावा. धुताना पाणी एंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस सोडावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. पाण्याची धार जोरकस नसावी. तिने पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बुजते. समुद्रकाठी वापरलेले वाहन प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावे, कारण खारी हवा या पट्ट्या कुरतडते.

दुसरी तपासणी पातळीची आणि गळतीची. थंड एंजिनावर झाकण काढून पाणी काठोकाठ आहे का ते पाहावे. बाजूच्या टाकीतील पातळीवर विसंबू नये, कारण टाकी भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. त्या फुगलेल्या, भेगाळलेल्या किंवा पिठासारख्या मऊ नसाव्यात. पंपाच्या खाली एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते; तेथून पाण्याचे थेंब येत असतील तर पंपाची आतील सील झिजली आहे. ते भोक बुजविणे म्हणजे दुखणे झाकणे होय. पुढे ते पाणी एंजिनाच्या तेलात शिरते.

तिसरी तपासणी पंख्याची. पंख्याच्या तारा सोडवून त्या थेट बॅटरीस जोडाव्यात. पंखा फिरला तर मोटर चांगली आहे आणि दोष फ्यूज, रिले, उष्णतेने चालू होणारा स्विच किंवा गंजलेला जोड यांपैकी एकात आहे. न फिरल्यास मोटर बदलावी. जुन्या वाहनात आणखी एक गंमत आढळते. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी तारांची अदलाबदल केलेली असते आणि पंखा उलटा फिरून समोरच्या वाऱ्याशी झगडत असतो. रेडिएटरसमोर कागदाचा तुकडा धरला की हे तत्काळ कळते. वारा ओढणारा पंखा कागद जाळीस चिकटवितो, उलटा फिरणारा तो दूर ढकलतो.

चौथी तपासणी थर्मोस्टॅटची. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने आजच्या पद्धतीचा मेणाचा थर्मोस्टॅट तयार केला. त्यातील मेण ठरावीक तपमानास वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. तो बाहेर काढून दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात टांगावा व शेजारी तपमापक ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडू लागावी आणि पाणी निवताच ती मिटावी. शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग सहज करता येईल.

'आपल्या उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट हवा कशाला? काढून टाका', असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो चुकीचा आहे. थंड एंजिनात पेट्रोल पुरते जळत नाही. त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरतो आणि झीज वाढते. शिवाय काही एंजिनांत थर्मोस्टॅटच आडवाट बंद करीत असतो. तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच एंजिनात परततो, आणि थंडाव्यासाठी केलेला उपाय उष्णतेत भर घालतो.

पाण्याचा प्रश्न

दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या घरांतील तांब्यापितळेचा बंब ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या आतील पांढरट, खडबडीत थर आठवेल. जड पाणी तापले की त्यातील क्षार असेच बाहेर पडतात. एंजिनातही तोच थर बसतो. ॲल्युमिनियमच्या तुलनेने हा थर उष्णता सुमारे शंभरपट कमी वाहतो. म्हणजे एक मिलिमीटर क्षार हा उष्णतेच्या वाटेत दहा सेंटिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीइतका अडथळा होतो.

चेन्नई व परिसरात हा प्रश्न विशेष आहे. शहराच्या उत्तरेस मिंजूरच्या बाजूस भूजलाचा अतोनात उपसा झाल्याने समुद्राचे पाणी जमिनीखाली आत शिरले. असे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी रेडिएटरमध्ये घातले तर क्षारांबरोबर मीठही येते. ॲल्युमिनियम, लोखंड व पितळ या धातूंमध्ये खारे पाणी आले की त्यांची जणू विजेची घटमाला बनते आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू, बहुधा ॲल्युमिनियम, झिजू लागतो. २००३ सालापासून तमिळनाडूत इमारतींवर पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था सक्तीची आहे. पावसाचे पाणी मुळात मृदू असते, परंतु छपरावरील धूळ त्यात उतरते. म्हणून रेडिएटरसाठी बॅटरीत घालतात तसे शुद्ध पाणीच उत्तम.

त्यात निम्मा वाटा एथिलीन ग्लायकॉलयुक्त शीतक द्रवाचा असावा. चेन्नईत पाणी गोठण्याची भीती नाही हे खरे. पण हा द्रव उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढवितो आणि त्यातील रसायने गंज थोपवितात. मात्र अधिक घातला म्हणजे अधिक थंडावा, असे नव्हे. पाण्याइतकी उष्णता वाहण्याची शक्ती ग्लायकॉलमध्ये नाही. निरनिराळ्या जातींचे शीतक एकत्र मिसळू नयेत. हा द्रव चवीस गोड पण विषारी असतो; तो जमिनीवर किंवा उघड्या भांड्यात ठेवल्यास मुले व जनावरे यांच्या जिवास धोका पोचतो.

नवे पाणी भरताना वाहनाची पुढची बाजू उंचावर ठेवावी व हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा. कोंडलेली हवा वर येऊन निघून जाते. हे न केल्यास सर्व अवयव निर्दोष असूनही एंजिन तापते.

सर्वांत गंभीर दोष

पाणी कोठेही न गळता कमी होत असेल, तर ते एंजिनाच्या आत जात आहे, असा संशय घ्यावा. सिलिंडर आणि त्याचा माथा यांमधील गॅस्केट फुटले की जळालेले वायू पाण्यात शिरतात आणि पाणी सिलिंडरात किंवा तेलात उतरते. थंड एंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले असता पाण्यात बुडबुडे सतत येत राहतात. तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे होते. धुराड्यातून गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहते. यांपैकी एक खूणही पक्की आढळली तर वाहन पुढे चालवू नये.

याची एक रासायनिक परीक्षाही आहे. पाण्यावरील हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या निळ्या दर्शकातून ओढून घेतात. जळालेल्या वायूंतील कार्बन डायऑक्साइड तीत असेल तर द्रव पिवळा होतो. फुंकरीने हाच रंगबदल घडवून दाखविण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. कारखान्यातील परीक्षा त्याहून वेगळी नाही.

विकत घेण्यापूर्वी

जुने वाहन विकत घेताना ते थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर झाकण उघडता येत नाही, आणि आतील गंजके पाणी, बुडबुडे व तेलाचा तवंग दिसत नाही. पंख्यास बाहेरून जोडलेला हातस्विच, नवीन झाकण पण जुनाट नळ्या, रेडिएटरवरील डांबरासारखे लेप, या सर्व खुणा पूर्वीच्या तापाचा इतिहास सांगतात. चेन्नईतील पुदुपेट ही जुन्या वाहनांच्या सुट्या भागांची ख्यातनाम पेठ आहे. तेथून किंवा अशा कोणत्याही पेठेतून आणलेला रेडिएटर बसविण्यापूर्वी त्यात पाणी ओतून ते दुसऱ्या तोंडाने मोकळे वाहते का ते पाहावे, आणि जुना थर्मोस्टॅट आणल्यास त्यास वर सांगितलेल्या पातेल्याच्या परीक्षेतून गेल्यावाचून एंजिनात जागा देऊ नये.

वाटेत एंजिन तापलेच, तर भार कमी करावा व सावलीत थांबावे. पाणी पुरेसे असून पंखा चालत असेल, तर एंजिन क्षणभर संथ चालू ठेवल्याने ते हळूहळू निवते. परंतु पाणी निघून गेले असेल किंवा पंखाच बंद असेल, तर एंजिन तत्काळ बंद करावे. त्यानंतरची काही मिनिटेच माथ्याची धातू वाकविण्यास पुरेशी असतात, आणि जे काम एका झाकणाच्या किंवा फ्यूजच्या खर्चात झाले असते त्यासाठी सबंध एंजिन उघडावे लागते.